मुश्तरका मामला

रंगुअण्णा रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी आम्हाला मोजायचे. लिंबाची काडी दातांत, धोतराचा सोगा खांद्यावर आणि बोट एकेकाच्या अंथरुणाकडे. "येक... दोन... तीन. आन चौथा मी. हाजरी भरली." मग चूळ. तीन वर्षं मी हे सोसलं आणि रोज ठरवलं, की उद्या ती काडी हिसकावून घेऊन अण्णांनाच मोजायचं.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, माजलगावची. मी बाजारात धान्याचा मापाडी, मारुती कापडाच्या दुकानात, नामदेव कापसाच्या जिनात. तिघंही खेड्यातून आलेले, बिनलग्नाचे. आणि सड्या पोरांना गावात कुणी ओसरीसुद्धा द्यायला तयार नव्हतं. रंगुअण्णा पन्नाशीचे. तहसील कचेरीबाहेर चटई टाकून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचे. त्यांनीच बडेमियांची खोली ठरवली, त्यांनीच किरायानामा लिहिला आणि आमच्यापुढे सरकवून म्हणाले, "करा सह्या." आम्हाला उर्दूचा अलिफही ठाऊक नव्हता. मोडीत सह्या ठोकल्या आणि मग विचारलं, यात लिहिलंय काय? आमची अक्कल तेवढीच.

"मुश्तरका जिम्मेदारी," अण्णा म्हणाले. "म्हंजी किराया चौघांचा मिळून. येक पळाला तर त्याचा वाटा बाकीच्यांच्या मानगुटीवर. आन पळाल्याला सरकार हुडकून आनतंय!"

म्हणून ती मोजणी.

बरं, किरायापुरतं ठेवावं की नाही? छे! मारुतीला खोकला झाला, तर अडुळशाचा काढा चौघांना.

"मला कावून?" मी ओरडलो.

"कावून म्हंजी? खोकला खोलीत हाय न्हवं? आन खोली कुनाची? मुश्तरका मामला हाय बे. पी गप."

मारुतीचा खोकला गेला आणि माझं पोट बिघडलं. पुढं नामदेवाला विंचू चावला, तेव्हा मी आधी बाजारात पळालो. अण्णांचा काय भरवसा, विंचवाचा उताराही चौघांना पाजायचे!

कहर झाला तो चकलांब्याला. नामदेवासाठी मुलगी बघायला गेलो. गेलो म्हणजे चौघंही, हे सांगायला नकोच. गूळपाणी झालं. मुलीचा बाप भला माणूस. त्यानं रीतीप्रमाणं विचारलं, "पाव्हनं, पोरीला नांदवायची जिम्मेदारी कुनाची?"

आम्ही नामदेवाकडं बघितलं. तो लाजला. तेवढ्यात अण्णा मांडी ठोकून म्हणाले, "त्याची फिकीर न्हाई! आमी चौघं हाव ना. मुश्तरका!"

म्हातारा उठला आणि कोपऱ्यातली काठी घेतली. आमच्या चार जोड चपला अजून चकलांब्यात आहेत. नामदेव महिनाभर अण्णांशी बोलला नाही, आणि अण्णा महिनाभर म्हणत राहिले, "खरं बोलायचा जमानाच न्हाई ऱ्हायला."

माझं लग्न ठरलं ते अर्थातच अण्णांना न सांगता. सासऱ्यानं पाटोद्याच्या एका आडतीत माझ्यासाठी जागा बघितली होती. पण पुढच्या सोमवारपर्यंत हजर झालो नाही, तर जागा मालकाच्या मेव्हण्याला. माजलगावहून पाटोदा म्हणजे बैलगाडीनं तीन दिवसांची वाट. मी अण्णांना म्हणालो, "किरायानाम्यातून माझं नाव काढा."

"लई लफडं हाय त्यात," अण्णा म्हणाले. "अर्ज, शिक्का, बाकीच्यांची रजामंदी. मग तहसीलदारसायेब दौऱ्यावरून आले पायजेत."

"कधी येतात?"

"आत्ता तर गेलेत."

सोमवारी अर्जाचा कागद संपला होता. मंगळवारी शाई वाळली. बुधवारी कागद होता, शाई होती, तर बोरू मोडला. गुरुवारी सकाळी माझं डोकं फिरलं. "अण्णा, तुमच्या कागदापायी माझी भाकरी जातीय!"

अण्णांनी काडी दुसऱ्या दाढेत घेतली. "येक... दोन..."

मी तणतणत बडेमियांच्या घरी गेलो. त्यांनी पेटीतून किरायानाम्याची नक्कल काढली, चष्मा लावला, वाचली आणि असे हसले की तोंडातलं पान सांडलं.

"कायकी मुश्तरका जिम्मेदारी, मियाँ? किराये का जिम्मेदार अकेला रंगनाथ. तुम पे छदाम नहीं."

"मग आमच्या सह्या?"

"इसमें लिखा है, मेरे साथ मेरे तीन छोटे भाई रहेंगे. ये उनके दस्तखत."

"भाऊ? आम्ही?"

"मैं क्या अंधा हूँ? चार गाँव के चार चेहरे! मैं तो उस अकेले कू खोली देरा था. नक्को बोला. भायाँ के साथ रहतूँ बोला. मैं क्या बोलता?"

परत येताना मी राग शोधत होतो, तो काही केल्या सापडेना. अख्ख्या तालुक्याची पत्रं हा माणूस लिहायचा. त्याला आलेलं एकही पत्र तीन वर्षांत मी बघितलं नव्हतं. दिवाळीला आम्ही गावी निघालो की म्हणायचे, "जा तुमी. कुनीतरी खोली राखाया पायजे." तुमचं गाव कोणतं, घरी कोण आहे, हे मी कधी विचारलंच नाही. खोटं कशाला सांगू, माझीच मला लाज वाटली.

अण्णा कचेरीबाहेर कुणाचा तरी अर्ज लिहीत होते. मी चटईच्या कडेला उकिडवा बसलो. "अण्णा, उद्या निघतो."

"शिक्का न्हाई भेटला आजून," ते मान वर न करता म्हणाले.

"राहू द्या. नाव काढूच नका. मुश्तरका मामला हाय."

बोरू थांबला.

"बडेमियां लई बोलतोय," ते म्हणाले. "आन पळाल्याला सरकार हुडकून आनतंय. ध्यानात ठिव."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी होती. मी वळकटी उचलली. अण्णा काडी चावत उभे. बोट मारुतीकडं गेलं. "येक." नामदेवाकडं. "दोन." मग माझ्या रिकाम्या जागेवर आलं आणि तिथंच थबकलं. मला वाटलं, आज मोजणी चुकणार.

बोट सावकाश दाराकडं वळलं.

"तीन, पाटोद्याला," अण्णा म्हणाले. "आन चौथा मी. हाजरी भरली."