चेटकिणीचं पोलकं

या व्यवहारात जगदेवचा फायदा साधा होता: एक जुनी मोटारसायकल घेण्यापुरते पैसे, आणि बायकोला गप्प करायचा जन्मात एकदा येणारा मोका. मालेगावातलं त्याचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान बंद पडून जमाना झाला होता. तेव्हाच्या भुताच्या सिनेमांच्या कॅसेटी त्याने माळ्यावर जपल्या होत्या, आणि वैजयंती दर दिवाळीला त्या भंगारात घालायला निघायची. आता पुण्याचा प्रज्वल नावाचा एक हौशी माणूस फोनवर म्हणत होता, "मला कॅसेट नकोत, काका. त्यांची चित्रं छापलेली खोकी हवीत. फक्त त्यांवर कुणाचा हात फिरलेला नको."

"आपल्या खोक्याइले वारा नाई लागला," जगदेवने ठोकून दिलं. "या तुमी. जीपचं भाडं आपल्याकडे."

प्रज्वल यायच्या सकाळी त्याने माल खाली उतरवला आणि धूळ पुसली. प्रत्येक खोक्यावरच्या चेटकिणीच्या, हडळीच्या अंगात निळ्या बॉलपेनचं पोलकं होतं, गळ्यापर्यंत बंद. कपाळावर टिकली.

"माय, हे कोनं केलं?"

"म्या," गव्हातले खडे वेचत प्रयागबाई म्हणाली. "तू शेतात जाये तवा गल्ल्यावर कोन बसे? समोरून लेकीसुना जात. भूत झाली म्हनून काय झालं, बाईमानूसच हाय ना. तशी उघडी कायले ठेवू?"

"बसा आता मोटारसायकलवर," वैजयंती आतून म्हणाली.

जगदेवने गल्लीतल्या पेंटरकडून उधारीवर थिनर आणलं. सगळी खोकी ओट्यावर मांडली, प्रत्येक पोलक्यावर थिनरचा बोळा ठेवला आणि शाई नरम होईपर्यंत निवांत चहा प्यायला. बोळे उचलले तेव्हा पोलकी गेली होती. आतल्या बायाही गेल्या होत्या. कुठे नुसते सुळे उरले होते, कुठे हवेत एक हात.

प्रयागबाईने चष्मा सावरून पाहिलं. "आता खरे भूत झाले."

तेवढ्यात दारात जीप थांबली. प्रज्वल उतरला आणि ओटा पाहून जागीच उभा राहिला.

"काका, तुम्ही तर म्हणाला होता, वारासुद्धा लागला नाही."

"वारा नाईच लागला. थिनर लागलं," वैजयंतीने खुलासा केला.

जगदेवने काकुळतीला येऊन सगळी हकिकत सांगितली. पोलक्यांचं ऐकताच प्रज्वलचा चेहरा बदलला. "आजी, एखादं शिल्लक आहे का हो?"

प्रयागबाईने आपल्या पेटीतून एक खोकं काढलं. ती चेटकीण तिला मनासारखी साधली होती: फुग्याची बाही, काठाला झालर. प्रज्वलने खोकं दोन्ही हातांत धरलं. "कपाटभर खोकी आहेत माझ्याकडे. असं एकही नाही." त्याने घासाघीस न करता आजीच्या हातावर पैसे ठेवले. मग जरा चाचरत विचारलं, "माझ्याकडच्या काही चेटकिणी पाठवल्या, तर त्यांनाही शिवाल... म्हणजे, काढून द्याल?"

"धाड ना. साध्या बाहीचे येगळे पैसे, फुग्याचे येगळे. आन् अस्तर पायजे असन तं आधी सांगजो बापा."

हिशेब असा मिटला: पैसे प्रयागबाईच्या बटव्यात; थिनर, पाहुण्याचे पोहे आणि जीपचं भाडं जगदेवच्या नावावर. संध्याकाळी आईने निळ्या पेनची रिफिल सुकल्याचं सांगितलं. तीही जगदेवनेच आणली. पायी जाऊन.