पन्नासावी पुंगळी

मार्वा लिंडक्विस्टनं त्या शनिवारी क्लाइडच्या बंदुकांच्या दुकानात काउंटरला कोपर टेकून वीस मिनिटं भाषण दिलं, आणि सगळा घोळ त्या भाषणातच झाला.

विषय होता पिस्तुलाच्या काडतुसांचं नवं माप. गावच्या नेमबाजी क्लबात सगळे नऊ मिलिमीटर वापरत. आता त्याहून बारीक 'तीस'चं, म्हणजे इंचाच्या शंभर भागांतल्या तीस भागांएवढं, काडतूस बाजारात आलं होतं. तेवढ्याच आकाराच्या पिस्तुलात त्याच्या दोन गोळ्या जास्त मावत.

"दोन गोळ्या जास्त म्हणजे दोन नेम जास्त चुकणार," मार्वा हातातल्या खोक्यावर बोट आपटत म्हणाली. "नवं माप आलं की नवं पिस्तूल, नवा कप्पा, नवी डोकेदुखी. कशाला हवंय?"

"अगदी बरोबर," क्लाइड म्हणाला. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे तो बापाकडून शिकला होता.

घरी येऊन पाहते तर नऊ मिलिमीटरऐवजी बोट आपटायला घेतलेलं खोकंच पैसे मोजून पिशवीत आलेलं. तीसचं. पन्नास काडतुसं. गेली सत्तावीस वर्षं मार्वा काउंटीच्या प्रयोगशाळेत पिण्याचं पाणी तपासत होती, आणि तिथल्या प्रत्येक नव्या माणसाला तिचा पहिला धडा असे: लेबल दोनदा वाचा.

परत करायची सोय नव्हती. 'विकलेली काडतुसं परत घेतली जाणार नाहीत' ही क्लाइडच्या दुकानातली पाटी तिनंच लिहून दिली होती. "लोक खोक्यात काय भरून आणतील, सांगता येतं का?" असं तेव्हा बजावलंही होतं. क्लबात कुणाला द्यावीत, तर ती तुझ्याकडे आली कशी, हा प्रश्न येणार. क्लबाचा अध्यक्ष ड्वेन ती गोष्ट नाताळपर्यंत सांगत राहिला असता, आणि नाताळानंतर नव्यानं सुरुवात केली असती.

मग मार्वानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तक्ता केला. धक्का, वजन, अचूकपणा, एकूण उपयोग. तिसऱ्या संध्याकाळी तक्त्यातून तेच निघालं, जे काढायला तो केला होता.

"काडतुसं वाया जाऊ नयेत म्हणून पिस्तूल घ्यायचं," तिनं नवऱ्याला सांगितलं.

ऑर्विलनं बटाट्याची ताटली बाजूला सारली. "गेल्या वर्षी चुकून कुत्र्याचं खाणं आणलं होतंस, तेव्हा तक्ता केला नाहीस, नशीब माझं."

पिस्तूल घेताना तिनं क्लाइडकडून शब्द घेतला. "कुणाजवळ बोलायचं नाही."

"मी? छे." क्लाइडच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मंगळवारी सकाळी सहाला, क्लबाच्या मैदानावर चिटपाखरू नसताना, मार्वानं पन्नास गोळ्या झाडल्या. वाईट गोष्ट अशी, की पिस्तूल फार छान होतं. आयुष्यात तिनं इतके नेम साधले नव्हते. मग ती वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचत राहिली. एकोणपन्नास सापडल्या. पन्नासावीसाठी गुडघ्यांवर रांगून झालं, ऑफिसला उशीर झाला, पण ती काही मिळाली नाही.

गुरुवारी क्लबाच्या बैठकीत ड्वेननं चिमटीत एक पुंगळी उंच धरली. "ही मैदानावर सापडली. तीसची! आपल्यातलं कुणीतरी चोरून उडवतंय."

अकरा सभासदांपैकी दहांनी एकमेकांकडे पाहिलं. मार्वानं आपल्या कॉफीकडे पाहिलं.

"तेव्हा आज निकालच लावू," ड्वेन म्हणाला. "क्लबाच्या स्पर्धांत हे माप घ्यायचं की नाही? मार्वा, तुझा अभ्यास आहे. तू बोल."

खरं सांगावं, तर सत्तावीस वर्षांचा दबदबा गेला. विरोध करावा, तर ते सुंदर पिस्तूल कायमचं मंगळवारी सकाळी सहाचं. मार्वा उभी राहिली आणि तोंडातून जुनंच भाषण बाहेर पडलं, आकड्यांसकट, आणि पूर्वीपेक्षा जास्त पटेल असं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकं चांगलं बोलल्याबद्दल तिला स्वतःचा फार राग आला.

मतदान चिठ्ठ्यांनी होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मार्वानं डाव्या हातानं 'हो' लिहिलं. दहा विरुद्ध एक होईल. हरू, पण निदान कुणाला कळणार नाही.

चिठ्ठ्या मोजायचं काम नेहमी क्लाइडकडे असे; त्यानं कॉफीच्या डब्यातून एकेक चिठ्ठी काढली. सगळ्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं डाव्या हातानं काढल्यासारखी होती.

"हो अकरा," तो म्हणाला. "नाही, एकही नाही."

ड्वेननं डबा उलटा करून आत पाहिलं.

"मार्वा," ड्वेन खाकरला, "तुझं भाषण मला अगदी पटलं होतं हं."

"मलाही," मार्वा म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं हात पुढे केला. "आण इकडे. ती पुंगळी माझी आहे."

घेतल्यावर मात्र सवयीनं तिनं ती दिव्याखाली धरली, फिरवली, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिली. गोळी उडवताना पिस्तुलाची सुई पुंगळीच्या बुडावर आपटून खूण करते, आणि ती प्रत्येक पिस्तुलाची वेगळी; तिच्या एकोणपन्नासांवर ती बरोबर मध्यभागी होती. हिच्यावर डावीकडे सरकलेली.

"माझी नाही ही," ती म्हणाली.

"मग कुणाची?" ड्वेननं पुंगळी परत घेतली आणि तोही दिव्याखाली गेला. त्यानं खूण पाहिली. मग त्याचे कान हळूहळू लाल झाले, आणि पुंगळी खिशात टाकून तो म्हणाला, "बरं, पुढचा विषय."