अलार्म प्रकार सतरावा: अतिगोपनीय

[सकाळी ११.०५. प्रकार: सूचना. साहेब खोलीत आले.]

"माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. सुटलीच, तर कुठे गेली ते मला ठाऊक असतं," साहेबांनी खुर्चीत बसता बसता स्वतःची ओळख करून दिली. कंट्रोल रूममध्ये ऐकायला एकटी ऑपरेटरबाई होती आणि ती हे नऊ वर्षं ऐकत होती. साहेब पदाने देखरेख विभागाचे प्रमुख, वृत्तीने गुप्तहेर.

प्रकरण असं: रविवारी औषधांचं शीतगृह तापलं, माल नासला आणि अलार्म वाजलाच नाही. आळ आला मेकॅनिकवर. चारपर्यंत खरा प्रकार कळला नाही, तर त्याची नोकरी जाणार होती. मेकॅनिक साहेबांचा सख्खा मेव्हणा. साहेबांनी त्याला चौकशीला बोलावून समोर बसवलं.

"भावोजी, मी अलार्मला हातसुद्धा लावला नाही हो."

"इथे मी तुझा भावोजी नाही."

"बरं. ताईला तसं कळवतो."

[१२.२०. प्रकार: संशयास्पद.]

उंदराने वायर कुरतडली, असं साहेब म्हणाले. वायर धडधाकट निघाली. "म्हणजे उंदीर पूर्वसूचना मिळून पळाला."

[२.४५. प्रकार: आतल्या माणसाचं काम.]

"हा शीतगृहात जाताना स्वेटर घालतो. आत थंडी असणार हे याला आधीच कसं माहीत?"

"साहेब, ते सगळ्यांनाच माहीत असतं," बाई म्हणाली.

"म्हणजे टोळी आहे!"

बाईने कपाळाला हात लावला. पूर्वी अलार्मचे प्रकार तीनच होते: सूचना, इशारा, गंभीर. गेल्या महिन्यात साहेबांनी ते सतरा केले आणि वर पासवर्ड ठोकला. तिने दोनदा मागितला होता. दोन्ही वेळा तिचंच नाव संशयितांत गेलं.

[३.४०. प्रकार: फोन.]

साहेबांच्या घरून, वहिनींचा होता. बाईने स्पीकर लावला.

"अहो, कपाटातला तुमचा जुना फोन रविवारपासून कोकलतोय. गाद्यांत दाबला, तरी थांबत नाही."

"काय म्हणतोय?"

"शीतगृह दोन, तापमान वाढलं. त्रेपन्न वेळा."

मेकॅनिकने मान वर केली. बाईने हात पुढे केला. साहेबांनी निमूट पासवर्ड लिहून दिला. प्रकार सतरावा, अतिगोपनीय. शीतगृहाचं तापमान त्याच्यात. आवाज: नाही. स्क्रीनवर: दिसू नये. कोणाला कळवायचं: फक्त साहेब, जुना नंबर.

साहेब उठून उभे राहिले. "गुन्हेगाराला माझा जुना नंबर ठाऊक होता!"

"हो का?" वहिनी फोनवरून म्हणाल्या. "त्याला म्हणावं, डबाही घरीच विसरलायस. आणि माझ्या भावाला काही झालं, तर संध्याकाळी घरी येऊ नकोस."

चारला पाच कमी असताना मॅनेजरने मेकॅनिकचं बडतर्फीचं पत्र फाडलं. साहेबांनी अहवाल लिहिला: 'गुन्हेगार विभागप्रमुखांच्या अत्यंत निकट आढळला. तपास यशस्वी.'

बाईने चौदा प्रकार पुसले. 'गंभीर'समोर आवाज मोठा केला. 'कोणाला कळवायचं' या रकान्यात साहेबांचा नंबर होता. तो खोडून तिने दुसरा घातला.

[४.१०. प्रकार: गंभीर. चाचणी. पाहिलं: वहिनी. वेळ: चार सेकंद.]