पापणीवरचा फोकस

आमच्या शेजारच्या वानखडे सरांनी निवृत्तीनंतर महागडा कॅमेरा घेतला आणि पहिले दोन महिने फक्त मोजपट्टीचे फोटो काढले.

टेबलावर पट्टी तिरपी ठेवायची, कॅमेरा स्टँडवर, नेम दहाच्या आकड्यावर. मग फोटो टीव्हीवर मोठा करून बघायचा. दहाऐवजी अकरा ठळक दिसला की सर खिडकीतून ओरडत, "भाऊ, फोकस एक सेंटिमीटर मांगं चाल्ला! मशीन खोटं बोलून राहिली."

आयुष्यभर अमरावतीतल्या पोरांना भूमिती शिकवलेला माणूस. सेंटिमीटर सोडणार कसा? कॅमेरा घेतला त्या अकोल्याच्या दुकानात एसटीने तीनदा तक्रार करून आले. तिसऱ्यांदा दुकानदाराने त्यांना लांबूनच पाहून शटर अर्धं ओढलं, हे सर स्वतःच अभिमानाने सांगत.

एकदा आम्ही सेमाडोहच्या जंगलात गेलो. जिप्सीसमोर अस्वल आलं. सगळ्यांनी मोबाइल उचलले. सर कॅमेरा मांडीवर ठेवून शांत.

"सर, काढा ना फोटो!"

"काळं हाय ना ते. त्याच्यावर फोकस समजत नाही."

मग मोजपट्टी एकदाची पास झाली आणि माणसांची पाळी आली. "पट्टीले पापण्या नसतात," सर म्हणाले. गल्लीतला एकेक जण त्यांच्या स्टुलावर बसला. दूधवाला, इस्त्रीवाली, कोपऱ्यावरचा ऑटोवाला. मी चारदा बसलो.

"भाऊ, हलू नका. पापणीचा केस अन् केस मोजता आला पाहिजे."

"कोणाला मोजायचाय, सर?"

"चूप बसा. ओठ हलले."

फोटो मात्र कधी कोणाला मिळाला नाही. मागितला तर म्हणत, "टेस्ट हाय ते." आम्ही मागे हसायचो.

परवा दुपारी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेलो. दार उघडंच होतं. टीव्हीवर माझा भलामोठा चेहरा, आणि सरांच्या पत्नी, आमच्या काकू, त्याला नाक टेकवून उभ्या. वर्षभरापासून त्यांना कमी दिसतं हे ठाऊक होतं. आम्हाला त्या नुसत्या आवाजावरून ओळखतात, हे मात्र कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"कोण, भाऊ काय?" त्या वळल्या. "अवो, किती पिकले तुमचे केस! मले कोणी सांगतलंच नाही."

सर ओशाळले. "फोटो जरासाही धुकट असला तर तिले काहीच दिसत नाही," एवढंच बोलले.

काकू सरांकडे हात करून म्हणाल्या, "सारी गल्ली पाह्यली मी. यायलेच नाही पाह्यलं. हे त्या मशीनच्या मांगंच असतात."

मी कॅमेरा उचलला. सर आत गेले, इस्त्रीचा सदरा घालून आले आणि स्टुलावर ताठ बसले. फोटो टीव्हीवर लागला. काकू अगदी जवळ गेल्या. कपाळ, डोळे, गाल, सगळ्यावरून हळूहळू सरकल्या.

"किती वाळले जी तुमी!"

सर टीव्ही बंद करायला रिमोट शोधू लागले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "पाहून राहिली मी."