उमदाबाईसाहेबांनी सयामी मासा वाढविला त्याचे वर्तमान

श्री. ज्या नारायणाने प्रथम मत्स्यरूप घेऊन प्रलयजळी वेद राखिले, त्याचे चरणी मस्तक ठेवून हे वर्तमान लिहितो; न्यून असेल ते वाचणारांनी पुरे करून घ्यावे. शके सत्राशे पस्तीस, श्रीमुखनाम संवत्सरे, शरदऋतूचे समयी घाटमाथ्यावरील एका राज्यात उमदाबाईसाहेब कारभार करीत होत्या. यजमान कैलासवासी जाहले, पोटी संतान नाही, म्हणोन शिक्का बाईसाहेबांचे हाती आला, आणि धाकटे दीर सुलतानजीराव शेजारचा मुलूख राखून होते. उभयतांत मौजे सातझरी या सरहद्दीच्या गावावरून कलह पडला आणि शब्दाने शब्द वाढला, आणि दोहींकडील फौजा गावाचे शिवारात समोरासमोर उतरल्या. मग बोलणे करावयास उभयतां एका डेऱ्यात बसले असता दाऊद नाखवा म्हणोन दर्यावर्दी पुरुष नजराणा घेऊन आला. त्याने पाण्याने भरलेले काचेचे दोन शिसे, म्हणजे बाटल्या, पुढे ठेविले. एकेकात आंगठ्याएवढा मासा, अंग मोरकंठी निळे, पर लांब झुळझुळीत, आणि परांची किनार लाल. ऐसा जीव त्या मुलुखी कोणी पाहिला नव्हता. नाखवा बोलिला की, "आईसाहेब, रावसाहेब, माणसे कशास मारता? हे मासे सयामचे. दोन नर एका पाण्यात सोडिले तर झुंजल्याशिवाय राहात नाहीत. एकेक न्यावा, पाळावा, आणि माघी पौर्णिमेस येथेच झुंज लावावी. ज्याचा जिंकेल त्याचे गाव. ज्याचा आधी मरेल तो हरला." सुलतानजीराव हसले आणि बोलिले, "वहिनीसाहेब, कबूल?" बाईसाहेब बोलिल्या, "कबूल, भाऊजी." मग फौजा माघारी गेल्या.

बाईसाहेबांनी मासा आणोन दिवाणखान्यातील झुंबराची मोठी बिलोरी हंडी उतरविली, आणि तीत विहिरीचे पाणी उन्हात ठेवून मग भरिले, आणि मासा सोडिला. नाखव्याने जाताना सांगितले होते की यास सोबत नको, थंडी नको, आणि खाणे फार नको. कारभारी रामाजीपंत यांस वाटले की एवढ्या मोठ्या कार्याचा मासा, त्यास दूधभात घालावा. बाईसाहेब बोलिल्या, "पंत, तो आपल्यासारखा जेवणारा नव्हे. त्याचे तोंड पाहा, वर वळलेले आहे. तो पाण्यावरचे वेचणारा." मग हौदातील डासांच्या अळ्या फडक्याने गाळून आणविल्या आणि थोड्या थोड्या घातल्या. तो झेप घेऊन खाई, आणि खाऊन वर येई, आणि पाण्याबाहेर तोंड काढून वारा घेई. हे पाहोन बाईसाहेब थक्क जाहल्या की मासा असोन आपणासारखा श्वास घेतो. मग रोज सकाळचे स्नान आटोपले की हंडीपाशी बसावे, थोडे जुने पाणी काढावे, थोडे नवे घालावे, आणि मग कारभार पाहावा. एके दिवशी नथ घालावयाचा आरसा हंडीजवळ राहिला, तो माशाने आपलेच रूप पाहिले आणि गालफडे फुगवून, पर पसरोन ऐसा उभा ठाकला की हंडी भरोन गेली. बाईसाहेबांनी आरसा पालथा केला आणि बोलिल्या, "शत्रू नाही रे राजा, तूच आहेस." त्या दिवसापासून त्यास राजा म्हणू लागल्या.

मग पौष लागला आणि घाटमाथ्यावर हिव पडले. मासा तळास जाऊन पडला, पर मिटले, रंग राखेसारखा जाहला, अळ्या घातल्या तर पाहीना. रामाजीपंत घाबरे होऊन बोलिले, "बाईसाहेब, हा गेला तर गाव गेले." बाईसाहेबांस राग आला. "गाव गाव काय करिता, पंत? त्याला थंडी वाजते आहे, ते दिसत नाही?" ऐसे बोलोन आपणच दचकल्या, कारण गावाची आठवण त्यांस जाहलीच नव्हती. मग हंडी आपल्या खोलीत नेली, भोवती रजई गुंडाळिली, पलीकडे मंद शेगडी ठेविली, आणि पाण्यास बोट लावून पाहात बसल्या की ऊन फार न व्हावे. नाखव्याने दिलेली देशी बदामाची वाळकी पाने होती, त्यांतील एक पाण्यात सोडिले, तेणे पाणी तांबूस जाहले. दरबार बंद राहिला, वकील बाहेर ताटकळले. पुढे एके दुपारी मासा हळूच वर आला, वारा घेतला आणि बाईसाहेबांचे बोटापाशी येऊन थांबला. बाईसाहेबांचे डोळ्यांस पाणी आले. यजमान गेले तेव्हा ज्यांनी दरबारात डोळा ओला होऊ दिला नाही त्या बाई रडल्या, हे खोलीतील दासींनी पाहिले. आणि काही दिवसांनी पाहतात तो माशाने तोंडाने बुडबुडे सोडून पानाखाली फेसाचे घर बांधिले, मोत्यांची चटई जणू. मादी नाही, पिले नाहीत, तरी तो घर राखी, फुटला बुडबुडा तेथे नवा लावी. बाईसाहेब ते रोज पाहात.

मग माघी पौर्णिमा आली. सातझरीस मंडप घातला, लोक जमले. सुलतानजीराव थोर इतमामाने आले, पुढे सोनेरी मुलाम्याचे तांब्याचे घंगाळ, वर जरीचा रुमाल. नाखवा मधे उभा राहिला. बाईसाहेब हंडी घेऊन आल्या आणि बोलिल्या, "भाऊजी, गाव घ्या. मी ह्याला झुंजविणार नाही." मंडपात गलका जाहला. रामाजीपंतांनी कपाळास हात लाविला. रावसाहेब बोलिले, "वहिनीसाहेब, थट्टा करिता?" त्या बोलिल्या, "नाही. एवढासा जीव मेल्यातून परत आला आणि घर बांधू लागला. त्याचे पर फाडवून घेतलेल्या गावात मला पाऊल टाकवणार नाही."

सुलतानजीरावांनी मग उठोन रुमाल काढिला. घंगाळात पाणी होते, मासा नव्हता. बोलिले, "तो पहिल्याच महिन्यात गेला. मी त्यास या घंगाळात ठेविला, बिर्याणीची शिते घातली, आल्यागेल्यास दाखविला. कळले तर हसाल, म्हणोन लपविले. टेकडीमागे माझी फौज उभी आहे. रुमाल काढण्याआधीच इशारत करणार होतो." हे ऐकोन लोकांनी तलवारींस हात घातले. बाईसाहेबांनी हात वर करून सर्वांस थोपविले आणि बोलिल्या, "भाऊजी, इकडे या. पाहा तरी." रावसाहेब हंडीपाशी गुडघे टेकून बसले. त्यांचे शिरपेचातील पाचू काचेत चमकला, तो माशाने पर पसरिले आणि त्या निळ्या अंगावर ऊन खेळले. मग पाचू ढळला, तेव्हा पर मिटोन पुन्हा आपल्या फेसाकडे गेला आणि एक बुडबुडा लाविला. रावसाहेब मग हळू बोलिले, "हे पाणी तांबडे कशाने?" बाईसाहेबांनी पानाचे सांगितले. "आणि तो बोट ओळखतो?" "ओळखतो." तेव्हा रावसाहेब बोलिले, "वहिनी, असाच माझ्याकडेही होता."  मग आपले हाताने शिरपेच उतरोन ठेविला आणि टेकडीमागे निरोप धाडिला की माघारी जावे. उभयतांनी गावावरील हक्क सोडिला, सातझरीवरील दोहींकडची ठाणी त्याच दिवशी उठली, आणि गाव गावकऱ्यांचे स्वाधीन जाहले.

ऐसे हे वर्तमान. लढाई जाहली नाही, म्हणोन दफ्तरी तिचे नाव नाही, आणि मेलेल्यांची याद नाही. लिहिणार त्या दिवशी टेकडीमागे भाला घेऊन उभा होता, बाकीचे मागाहून ऐकोन लिहिले. निरोप आला, मग घरी गेला, आणि जोंधळा काढावयाचा होता तो काढिला.