कुर्निकला हवी दुसरी संमती

शुक्रवारी सकाळी सात वाजता ओताकारनं बटण दाबलं आणि यंत्रानं नकार दिला.

"दुसरी संमती नाही," एवढंच पडद्यावर आलं. ओताकारनं चष्मा पुसून पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

कुर्निक म्हणजे चेक भाषेत खुराडं. एका संगणकाच्या पोटात दहा-वीस संगणक चालवणारा तो प्रोग्राम होता. आतल्या प्रत्येक कोंबडीला वाटायचं, सगळं खुराडं आपल्या एकटीचं. कोणीही फुकट न्यावा, कोणीही दुरुस्त करावा, असा तो होता. त्यावर दवाखाने चालत, ग्रंथालयं चालत. तीन आठवड्यांपूर्वी कोणीतरी गुपचूप कळवलं होतं की आतल्या भिंतीला भोक आहे आणि एका कोंबडीला दुसरीचा दाणा खाता येतो. आज दुपारी दोनला ते भोक जगजाहीर होणार होतं. त्याआधी दुरुस्ती बाहेर पडली नाही, तर चोरांना आयता पत्ता मिळणार आणि कुर्निक वापरणारे कायमचे दुसरीकडे जाणार. 

ओताकारची दुरुस्ती तयार होती. पण नियम असा की कुठल्याही बदलाला देखभाल करणाऱ्यांच्या यादीतल्या दोघांची संमती हवी, आणि तीही यादीत लिहिलेल्या पत्त्यावरूनच आली पाहिजे. नियम ओताकारनंच अकरा वर्षांपूर्वी केला होता. नियम बदलायलाही दोघांची संमती लागायची. ही तरतूदही त्याचीच, कारण तेव्हा त्याच्या जोडीला राडिम होता आणि राडिम पळवाटा शोधण्यात हुशार होता.

वसंतात प्रायोजक कंपनीनं कुर्निकमधून अंग काढून घेतलं. यादीतले तिचे सात लोक एकेक करून दुसऱ्या कामांवर गेले. शेवटचा मिलोश. काल संध्याकाळी त्यानं स्वतःचं नाव यादीतून काढलं, ओताकारनं संमती दिली, दोघांनी केक खाल्ला.

ओताकारनं त्याला फोन लावला. "मिलोश, तुझं नाव परत घाल यादीत."

"घालू की. दोन संमत्या लागतील. एक तुझी. दुसरी कोणाची?"

यादीत आता दोनच नावं उरली होती. ओताकारचं आणि राडिमचं. राडिम अकरा वर्षांपूर्वी भांडून गेला होता, इतक्या रागानं की नाव काढायलाही थांबला नाही.

राडिमचा फोन बंद होता. ओताकारनं गाडी काढली. बायको गेल्यापासून दोन वर्षं सकाळी उठून तो आधी कुर्निकची पत्रं वाचायचा. कोणाला तरी उत्तर द्यायचं असायचं. तेही बंद पडलं तर सकाळी उठायचं कशाला, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ब्रनोपासून तासाभरावरच्या गावात राडिमची बायको लिबुशे घरातल्या चपला घालून दारात आली. "तो अळंब्या शोधायला गेलाय."

"कुठे?"

"बत्तीस वर्षं संसार केला, मला नाही सांगितलं. गाडी तळ्यापाशी लावतो, एवढं माहितेय."

तळ्यापाशी राडिमची गाडी होती. ओताकारनं रानाकडे तोंड करून दहा हाका मारल्या. उत्तर नाही. आपल्या अळंब्यांच्या जागी उभा असलेला माणूस ओ देत नाही. ओताकारनं घड्याळ पाहिलं. नऊ. मग तो मोठ्यानं ओरडला, "अरे बापरे! केवढी ही! आणि इथे तर अजून पाच!"

दोन मिनिटांत झुडपं हलली. हातात चाकू आणि टोपली घेऊन राडिम बाहेर आला. "कुठेत?"

"नाहीत. तुझी संमती हवीय."

"अकरा वर्षांनी तोंड दाखवतोयस ते संमतीसाठी? माझा बदल उडवलास तेव्हा काय म्हणाला होतास?"

"म्हणालो होतो, विचारल्याशिवाय घुसवायचा नाही."

"आज विचारायला आलास. म्हणजे सुधारलास."

ओताकारनं घाईघाईनं सगळं सांगितलं. राडिमनं टोपली खाली ठेवली. "मेल पाठवू कुठून? यादीत माझा पत्ता कंपनीचाय. नोकरी सोडली त्या दिवशीच बंद झाला."

पत्ता बदलायला दोघांची संमती लागत होती. ओताकार तळ्याकडे बघत राहिला.

"तळ्यात उडी मारू नकोस," राडिम म्हणाला. "गाडीत बस."

साडेदहाला दोघं कंपनीत क्वेताबाईंसमोर उभे होते. नोकरभरतीचं सगळं त्यांच्याकडे होतं. राडिमच्या बुटांचा चिखल त्यांच्या सतरंजीवर पडत होता.

"जुना पत्ताही फक्त कर्मचाऱ्यांनाच मिळतो, इंजिनियरसाहेब."

"तासाभरापुरता द्या हो," ओताकार म्हणाला.

"कर्मचारी कधी तासाभराचा असतो का?" क्वेताबाईंनी कागद चाळले. "दिवसाचा असतो. फाटकावरचा माणूस आज दात काढायला गेलाय. बदली हवीय. बसाल?"

"खोलीत हीटर आहे?" राडिमनं विचारलं.

"आहे."

"बसतो."

कागदपत्रं होऊन पत्ता सुरू व्हायला बारा वाजले. फाटकावरच्या काचेच्या खोलीत निळी टोपी घालून राडिम दुरुस्ती वाचायला लागला.

"राडिम, वाचतोस काय? संमती दे!"

"न वाचता देत नाही. गाडी आलीय बघ. दांडी उचल."

ओताकार दांडी उचलायला धावला. परत येईस्तोवर राडिमच्या चार सूचना तयार होत्या. एका वाक्याला पूर्णविराम नव्हता. एक नाव लांब होतं. एक ओळ वाकडी होती. एका ठिकाणी त्यानं नुसतंच 'शी' लिहिलं होतं.

एक वाजला. ओताकार मांडीवर संगणक घेऊन दुरुस्त करत होता आणि मधूनमधून दांडी उचलत होता. सव्वाला सूचना क्रमांक तेरा आली.

"ओता, इथे शून्य आलं तर रे?"

ओताकारनं ती ओळ पुन्हा वाचली. शून्य आलं असतं तर भोक या बाजूनं बुजलं असतं आणि त्या बाजूनं उघडं राहिलं असतं. बुजलं म्हणून सगळे निर्धास्त झोपले असते.

तो लिहीत सुटला. बाहेर संत्र्यांचा ट्रक भोंगा वाजवत होता. या वेळी राडिम स्वतः उठला आणि दांडी उचलून आला. सतरावी सूचना पुन्हा पूर्णविरामाची होती. एक सत्तावन्नला राडिमनं संमती पाठवली आणि यंत्रानं ती घेऊन दुरुस्ती बाहेर सोडली.

सोमवारी कंपनीनं जाहीर केलं की तिनं कुर्निकची साथ सोडलेली नाही. कुर्निकची निम्मी देखभाल आजही तिचेच कर्मचारी करतात. हिशेब बरोबर होता. दोघांतला एक फाटकावर होता. जाहीर केल्यावर त्याला काढायचं कसं, म्हणून क्वेताबाईंनी करार वर्षअखेरपर्यंत वाढवला. फाटकावरच्या मूळ माणसाला त्यांनी आत टपालावर घेतलं.

दुपारी ओताकारला राडिमचा बदल आला. अकरा वर्षांपूर्वीचाच, फक्त तारीख नवी. खाली एक ओळ होती: "या वेळी विचारतोय."

ओताकारनं कॉफी केली आणि शेवटपर्यंत वाचलं. बदल चांगला होता. अकरा वर्षांपूर्वीही चांगलाच होता, आणि तेव्हाही ते त्याला कळलं होतं.

राडिमनं सतरा सूचना काढल्या होत्या. ओताकारनं अठरा काढल्या, पाठवल्या, आणि उत्तराची वाट बघत बसला.