देवधरांचा न डोलणारा ट्रक

देवधरांनी माझं नाव विचारायच्या आधी माझं वजन विचारलं.

स्टुटगार्टच्या त्या चढावरच्या घरात आम्ही राहायला येऊन तीनच दिवस झाले होते. जिन्यात एक उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशीचे गृहस्थ समोर आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आपलं वजन किती?"

परक्या देशात जिन्यात अचानक मराठी कानावर पडली की माणूस आधी गहिवरतो. त्या गहिवरातही मी दहा किलो लपवले. म्हणालो, "चौऱ्याऐंशी."

"नाही हो. मी तुमच्या खालच्या मजल्यावर राहतो. पावलांवरून नव्वदच्या पुढे आहात."

मी चौऱ्याण्णव कबूल केले. त्यांचा चेहरा उजळला. माझ्या वजनाने कुणाला आनंद झालेला मी आजवर पाहिला नव्हता. माझे डॉक्टर, माझी बायको प्राची, आमची ऑफिसची खुर्ची, सगळ्यांचा सूर वेगळाच असतो.

"गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. "शनिवारी मोकळे आहात का? मी देवधर."

मी मोकळा होतो. ही माझी जुनी खोड आहे. मला पटकन नाही म्हणता येत नाही, आणि म्हणायचं सुचतं तोवर मी कुणाच्या तरी गाडीत बसलेला असतो.

देवधर गेली तेवीस वर्षं मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होते. वळणावर गाडी किती कलते ते मोजायचं, एवढंच त्यांचं काम. तेवीस वर्षं तेच केल्यावर माणसाला सगळंच कललेलं दिसू लागतं. "डोलतंय" हा त्यांचा शेरा कशालाही लागू पडे. हॉटेलातलं टेबल डोलतंय. इथल्या मराठी मंडळाच्या नव्या अध्यक्षांचं भाषण डोलतंय. माझी नोकरी तर त्यांच्या मते भलतीच डोलत होती, कारण मी सल्लागार होतो आणि सल्ल्याला चाकं नसतात. बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात ते पुठ्ठे ते कायम खिशात बाळगत. एका गणपतीत आरती ऐन रंगात आली असताना ते टाळ्या वाजवायचे थांबले, खाली वाकले आणि मखराच्या एका पायाखाली पुठ्ठा सरकवून पुन्हा टाळ्या वाजवू लागले.

त्यांचं दुसरं पेटंट वाक्य होतं, "आल्झो, प्रश्न साधा आहे." आल्झो म्हणजे 'तर मग'. हे वाक्य आलं की समोरच्याने खुर्ची शोधावी. किमान चाळीस मिनिटं लागत.

त्या दिवसांतला साधा प्रश्न असा होता. देवधरांनी एक खोली विकत घेतली होती. खोली म्हणजे ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यावर ठेवून प्रवासाला न्यायची केबिन. तिच्यात पलंग, शेगडी, बेसिन आणि दार लावता येईल असा संडास. मुक्कामी पोचलं की तिचे चार पाय खाली सोडायचे आणि ट्रक अलगद बाहेर काढायचा. अशा केबिनी लहान असतात, मध्यम असतात आणि देवधरांची असते. रिकामी असतानाच तिचं वजन साडेनऊशे किलो. त्यात पाणी, गॅस, दोन माणसं आणि संसार. भारतातून येताना आपण ज्या टांगत्या काट्याला लोणच्यासकट बॅगा लटकवतो, त्याला देवधरांनी कुकर, पोळपाट आणि ब्लँकेटं एकेक करून लटकवली होती. बेरीज तेराशेच्या घरात गेली.

आणि ट्रक नव्हता. शहाणी माणसं आधी ट्रक घेतात. देवधरांनी आधी खोली घेतली आणि हेबर्ले नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात चार पायांवर उभी करून ठेवली. दोन वर्षं ती तिथे उभी होती. आता हेबर्लेंनी निर्वाणीचं सांगितलं होतं: सप्टेंबरअखेर सफरचंदं येतील, तेव्हा अंगण मोकळं हवं. हेर्त्सोगेनआउराखचा एक माणूस टेप घेऊन येऊन खोली मोजूनही गेला होता. तिच्याखाली जाईल असा ट्रक तीस सप्टेंबरच्या आत मिळाला नाही, तर खोली त्याच्याकडे जाणार होती.

तो मे महिना होता. मेपासून सप्टेंबरपर्यंतचे माझे सगळे शनिवार देवधरांनी घेतले.

पहिला ट्रक आम्ही एश्बॉर्नजवळ पाहिला. काळा, चकचकीत, आमच्या स्वयंपाकघराहून लांब. मी तर पाहताक्षणी प्रेमात पडलो. विक्रेता चामड्याच्या सीटांबद्दल सांगत होता आणि देवधर ट्रकखाली आडवे झाले होते. बाहेर आले ते मातीसकट. "पुढे पाच माणसं बसवायच्या नादात हौदा आखूड केलाय. खोलीचं निम्मं वजन मागच्या चाकांच्याही मागे लोंबेल. वळणावर काय होईल?"

"डोलेल," मी म्हणालो. एव्हाना मी तयार झालो होतो.

"गेनाऊ. आता चढा."

माझा उपयोग मला तेव्हा कळला. विक्रेते हौद्यात वाळूची पोती टाकू देत नसत, पण सोबत आलेल्या पाहुण्याला कुणी अडवत नसे. मी ट्रकच्या एका बाजूच्या पायरीवर उभं राहायचं, बाहेरच्या अंगाला झुकायचं, आणि ती बाजू किती दबली ते देवधर टेपने मोजणार. "चढा, बर्वे. उतरा. परत चढा. श्वास सोडू नका." विक्रेत्याने जरा वेळ पाहून विचारलं, हे गृहस्थ कोण? देवधर वर न बघता म्हणाले, "दास इस्ट दास गेविष्ट." म्हणजे, हे वजन आहे.

चढउतार झाली की पाण्याची परीक्षा. मी शेजारच्या सीटवर स्टीलचं भांडं काठोकाठ भरून मांडीवर धरायचं आणि देवधरांनी सर्कलला तीन प्रदक्षिणा घालायच्या. किती सांडलं ते माझ्या पँटवर कळे. घरी गेलो की माझी सात वर्षांची मुलगी दारातच म्हणे, "पापा, दू ट्रॉप्फ्स्ट." मी ठिबकतोय हे तिने मराठीतही सांगितलं असतं तरी माझी अब्रू काही वाढली नसती.

असे एकतीस ट्रक झाले. एकाच्या स्प्रिंगा मऊ. एकाची चाकं फार जवळजवळ. एक मला फार आवडला होता, तो माझ्या एका पायरीने पंचेचाळीस मिलिमीटर दबला आणि देवधरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू दोष निम्मा माझा होता.

सप्टेंबरचा दुसरा शनिवारही कोरडा गेला. माझी पँट मात्र नाही. परतताना मी चिडलो. "देवधर, जगात प्रत्येक गाडी थोडी डोलतेच. तुम्हाला ट्रक घ्यायचाच नाहीये. तुम्हाला नुसतं बघत फिरायचंय." त्यांनी साधा प्रश्नही काढला नाही. मला वाटलं, बरोबर वर्मावर बोट ठेवलं, आणि मी घरापर्यंत स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी, म्हणजे देवधरांच्या पत्नींनी, मला चहाला बोलावलं. तोवर माझी त्यांची ओळख दारापुरतीच होती. एक हात चौकटीवर ठेवून त्या हसत, तेवढंच. मंडळात त्या येत नसत. चार वर्षांपूर्वी मंडळाच्या हायडेलबर्गच्या सहलीत त्या वाटेतच बसमधून उतरून परत गेल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांचं नाव आखडू पडलं होतं. मी या गावात नवा, त्या सहलीला नव्हतोही. तरी ती गोष्ट मी दोन ठिकाणी मीठमिरची लावून सांगितली होती.

"काल तुम्ही यांना रागावलात म्हणे," वहिनी म्हणाल्या.

मी कपात बघितलं.

"माझ्या कानाचं दुखणं आहे. आतल्या कानाचं. गाडी जरा हलली की सगळं गरगरतं, मग दोन-तीन दिवस उठता येत नाही. त्या बसमधून उतरले, त्यानंतर कशात बसलेच नाही. एस-बान नाही, कार नाही. पायी जाता येतं तेवढंच माझं जर्मनी." त्या हे अगदी सहज सांगत होत्या. "आधी फार भटकायचे हो मी. हे म्हणतात, खोली असली की वाटेत कुठेही आडवं होता येईल, दार लावून घेता येईल. मी म्हटलं, माझ्यासाठी एवढा खटाटोप नका करू. तर म्हणाले, तुझ्यासाठी कोण करतंय, मलाच आता फिरायची हौस आलीय."

मी चहा कसा संपवला ते आठवत नाही. मला स्वतःची लाज वाटली. देवधर खाली रस्त्यावर होते, तिथे जाऊन मी त्यांना म्हणालो, "पुढचा ट्रक कधी बघायचा?"

बत्तिसावा ट्रक नारिंगी होता. कुठल्याशा नगरपालिकेने झाडांच्या फांद्या वाहायला वापरून विकायला काढलेला. लांब हौदा, पुढे तीनच माणसांची जागा, मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं. दिसायला ओबडधोबड. मी पायरीवर चढलो. देवधरांनी मोजलं, टेप पुसली, पुन्हा मोजलं.

"सात मिलिमीटर," ते म्हणाले आणि फुटपाथच्या कडेवर मटकन बसले.

मी म्हणालो, "पण हा तर साडेतीन टनांच्या वरचा. आपल्या लायसनवर चालणार नाही."

त्यांनी पाकिटातून नवं कोरं कार्ड काढलं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, कुणाला न सांगता, ऑफिसआधी सकाळी शिकवणीला जाऊन त्यांनी मोठ्या गाडीची परीक्षा दिली होती. पहिल्या खेपेला नापासही झाले होते.

अठ्ठावीस सप्टेंबरला आम्ही हेबर्लेंच्या अंगणात खोलीचे पाय उंच केले. देवधरांनी ट्रक मागे घेत घेत तिच्याखाली आणला. मी "अजून, अजून" म्हणत होतो आणि ते माझं न ऐकता स्वतः उतरून बघत होते. खोली हौद्यावर टेकली. प्राचीने चाकांखाली ठेवायला चार लिंबं आणली होती आणि चाकं निघाली सहा. बरीच चर्चा होऊन मागच्या जोडीला मिळून एक लिंबू धरायचं ठरलं. हेबर्ले हाताची घडी घालून पाहत होते.

वहिनी एवढ्या वाटेलाही पायीच आल्या होत्या, पाऊण तास चालत. देवधरांनी त्यांना हात देऊन पुढे बसवलं. मी सवयीने दुसऱ्या दाराकडे गेलो. "आज तुम्ही नको, बर्वे," ते म्हणाले. "मागून तुमच्या गाडीने या."

वीस किलोमीटरवर रानाच्या कडेला एक पार्किंग होतं, तिथवर जाऊन परत यायचं असं त्यांनी ठरवलं होतं. मी मागून त्या पांढऱ्या खोलीवर डोळे रोखून गाडी चालवत होतो. उतार आला, दोन वळणं आली, एक सर्कल आलं. देवधर बैलगाडीच्या वेगाने जात होते आणि आमच्यामागे निम्मं स्टुटगार्ट खोळंबलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मागच्या हॉर्नचं मला काही वाटलं नाही.

पार्किंगमध्ये ट्रक थांबला. बराच वेळ दार उघडलं नाही. मला धास्ती वाटली. शेवटी धीर करून मी खिडकीपाशी गेलो. देवधर स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते, मान वळवून बायकोकडे बघायचीही त्यांची छाती होत नव्हती. वहिनी समोरच्या काचेतून झाडं बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "इथे कशाला थांबलात? पुढे चला ना."

"पुढे कुठे?" देवधर म्हणाले. "आपलं इथपर्यंतच ठरलं होतं."

"मग आता ठरवू. चला तरी."

ट्रक निघून गेला. मी पार्किंगमध्ये एकटाच उभा राहून रडलो. चौऱ्याण्णव किलोचा माणूस रडताना बरा दिसत नाही, म्हणून मी जरा झाडाआड गेलो.

ते चौथ्या दिवशी परतले. वहिनींचा चेहरा उन्हाने रापला होता आणि जिना चढताना त्या प्राचीशी अखंड बोलत होत्या. मागून देवधर आले. त्यांचे डोळे लाल होते, पाठ वाकली होती.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काही नाही. मला परक्या अंथरुणावर झोप येत नाही. लहानपणापासून. घर सोडून कुठे जायचं म्हटलं की अंगावर काटा येतो." त्यांनी वर बघितलं, वहिनी लांब गेल्याची खात्री केली. "हे तिला सांगू नका."

"मग आता?"

"शुक्रवारी परत निघतोय. तिला समुद्र बघायचाय. सावकाश गेलं की चार दिवस लागतील."

"म्हणजे आणखी चार रात्री जागरण," मी म्हणालो.

"आठ," देवधर म्हणाले. "परत यायचंही आहे ना."